न उघडणारा क्रमांक

शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात फोन वाजला. खिळेताईने तो कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि दोन्ही हातांनी शटर वर रेटलं.

"ताई, माझा नंबर उघडत नाहीये."

"कुठला नंबर? सकाळी सकाळी कोड्यात बोलू नकोस."

"लेखाचा हो. डीओआय. परत परत टाकून बघितला. 'असा क्रमांक अस्तित्वात नाही' म्हणतंय. आणि ताई, परवा माझी छाननी आहे."

शटर तसंच अडकून राहिलं. खिळेताईचे हातही.

"बघते मी. तू ओरडू नकोस."

"मी कुठे ओरडतेय?"

"मग मीच ओरडतेय. ठेव फोन."

फोन करणारी होती गोगलगायबाई. कॉलेजात तासांवर शिकवायची आणि उरलेल्या वेळात पाण्याच्या टाक्यांच्या भिंतींवरून गोगलगायी वेचायची. त्या गोगलगायींतून सुटणाऱ्या बारीक अळ्यांमुळे टाकी धुणाऱ्या माणसांच्या पायांची आग होते, हे तिने दाखवून दिलं होतं. तो लेख खिळेताई आणि एक निवृत्त शिक्षक, सर, मिळून काढत त्या नियतकालिकात नुकताच आला होता. त्याच्याच जोरावर तिने कायमच्या जागेसाठी अर्ज केला होता. बाजारात बनावट नियतकालिकांचा सुळसुळाट, म्हणून कॉलेजची समिती एक साधी चाचणी लावायची. लेखाचा क्रमांक टाकून बघायचा. उघडला तर लेख खरा. नाही उघडला तर लेख बाद, आणि उमेदवाराच्या नावापुढे असा शेरा, की पुढे कुठल्याच दारात उभं राहायला नको.

विज्ञानाच्या जगात लेखाला नुसतं नाव पुरत नाही. संकेतस्थळं बदलतात, बंद पडतात, पत्ते हरवतात. म्हणून प्रत्येक लेखाला एक कायमचा क्रमांक देतात. तो टाकला की पृथ्वीच्या पाठीवर कुठूनही तोच लेख समोर आला पाहिजे. हा क्रमांक हवेतून पडत नाही. दूरच्या देशातल्या एका संस्थेकडे तो नोंदवावा लागतो. ती वर्षाची वर्गणी घेते आणि वर दर लेखामागे आकार घेते. मोठ्या प्रकाशकांसाठी ही रक्कम म्हणजे चहापाणी. पण ज्या नियतकालिकाचं सगळं ऑफिस म्हणजे अक्षरजुळणीच्या दुकानातलं मागचं टेबल, त्याचा त्या बिलापायी जीव जातो.

आणि क्रमांक का उघडत नाही, हे खिळेताईला शोधायला लागणार नव्हतं. तिला ते अंक निघाला त्या दिवसापासून माहीत होतं.

तिचा बाप छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचा. त्याच्या मांडीवर बसून ती उलटी अक्षरं आधी शिकली, सुलटी नंतर. खिळेताई हे नाव तिथूनच पडलं. गल्लीतली माणसं मात्र सांगतात की ती एकदा ठोकली गेली की उपटत नाही, म्हणून पडलं. शाळेने तिला आणि तिने शाळेला एकदमच सोडलं. छापखाना बुडाला, बाप घरी बसला, तेव्हा तिने संगणकाच्या क्लासमध्ये झाडू मारायचं काम धरलं आणि झाडता झाडता पडद्यावर काय चाललंय ते डोळ्यांनी उचललं. पुढे स्वतःचं दुकान टाकलं. प्रश्नपत्रिका, प्रबंध, पावतीपुस्तकं, वाट्टेल ते. जीभ अशी, की गिऱ्हाईक चुकीचं वाक्य सुधारून घ्यायला यायचं आणि चार वाक्यं ऐकून जायचं.

सर तिथे आले ते असेच, एक प्रबंध बांधून घ्यायला. प्राणिशास्त्राचे शिक्षक. त्या दिवशी त्यांचं डोकं फिरलेलं होतं. एका मोठ्या प्रकाशकाने त्यांचा लेख स्वीकारला होता, पण तो सगळ्यांना फुकट वाचता यावा असं वाटत असेल तर पगाराहून जास्त रक्कम भरा म्हणाला होता.

"लोकांच्या पैशावर संशोधन केलं, आणि लोकांनी वाचायचं तर कुलूप!" सर कोणाला सांगत होते, त्यांनाच ठाऊक.

"मग आपणच काढू की," खिळेताई म्हणाली.

त्या 'आपण'मध्ये ती कायमची अडकली. दोघांनी नियम केले. वाचणाऱ्याकडून घ्यायचं नाही. लिहिणाऱ्याकडून घ्यायचं नाही. लेख तपासणारे जाणकार गावोगावचे, तेही बिनपैशाचे. मग पैसे येणार कुठून, हा प्रश्न कधी टेबलावर आलाच नाही. बिल आलं की सर आधी पगारातून आणि निवृत्त झाल्यावर पेन्शनमधून भरायचे, आणि जुळणीची मजुरी खिळेताई लावायचीच नाही. दोघंही मानी. पैसे नाहीत, हे शब्द दोघांच्याही तोंडात कधी बसले नाहीत.

अंक मात्र वेळेवर. ती त्यांची मिजास. म्हणूनच एक सवय लागली. क्रमांकाची घडण ठरलेली असते. आधी नियतकालिकाचे ठरावीक आकडे, मग वर्ष, मग लेखाचा अनुक्रम. म्हणजे नोंदणी व्हायच्या आधीही तो घरबसल्या तयार करता येतो. खिळेताई तो लेखाच्या माथ्यावर छापून टाकायची, अंक सोडायची, आणि मग सरांनी बिल भरलं की नोंदणीची फाइल पाठवायची. मधे गेली तर एखादी दुपार जायची. कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

या खेपेला सर बिल भरायच्या आधी न्हाणीघरात कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बिल थकलं, संस्थेने खातं गोठवलं. अंक जुळून तयार होता. थांबायला हवं होतं. पण अंक चुकला असं कधी झालं नव्हतं, आणि ते आपल्या हातून, सर अंथरुणावर असताना व्हावं, हे तिला सोसेना. तिने क्रमांक छापले आणि अंक सोडला. होईल काहीतरी. झालं ते हे.

दुकान शेजारच्या चाव्यावाल्यावर सोपवून ती सरांकडे निघाली.

दार सुनेने उघडलं. हात ओले, पदर खोचलेला. पुढच्याच खोलीत सरांची खाट होती. आजाराने त्यांचे सगळे शब्द नेले होते आणि एकच मागे ठेवला होता. भूक लागली का विचारलं तरी तेच, पंखा लावू का विचारलं तरी तेच. खिळेताईला बघून ते डोळ्यांनी हसले आणि म्हणाले, "नाही."

"बसा म्हणतायत," सून म्हणाली.

"वहिनी, बसायला नाही आले. नोंदणीचं बिल राहिलंय."

"औषधांचंही राहिलंय. कुठलं आधी सांगू?"

"सरांच्या खात्यातून..."

"सरांच्या खात्यातून सरांची फिजिओवाली जाते. तुमच्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगा हवं तर. तो बाहेरगावी बसून पगार पाठवतो आणि फोनवर 'बघ काय ते' म्हणतो. म्हणून मीच बघते."

"वहिनी, त्यांचा जीव आहे त्या कामात."

"माहितेय ना. आणि घरात कोणाचा आहे?" सुनेने तिला बाहेर घेऊन दार लोटून घेतलं, पण आवाज खाली आला नाही. "ताई, एक सांगा. इतकी वर्षं तुम्ही दोघं फुकट, फुकट म्हणत नाचलात. लिहिणाऱ्याला फुकट, वाचणाऱ्याला फुकट. मला नव्हतं हो फुकट. दर वर्षी त्या बिलाच्या महिन्यात मी किराण्यात हात आखडलाय. पोराची सहल टाळलीय. बाबांच्या कानावर कधी जाऊ दिलं नाही. अंकात संपादकांची नावं असतात, तपासणाऱ्यांची असतात, जुळणी म्हणून तुमचंही असतं. माझं कुठे आहे, दाखवा."

खिळेताईने अंकातली नावं मनात चाळली. सुनेचं कुठेच नव्हतं.

"नाही! नाही!" आतून, खाटेवरून सर ओरडायला लागले.

"बघा. वाढवलंत त्यांचं. जा आता तुम्ही."

ती दुकानात परतली तर पॅकेजवाला येऊन बसलेला. खुर्चीवर नाही, टेबलावर. हा माणूस अडलेली नियतकालिकं गोळा करत हिंडायचा. कोणाचं काय बिघडलंय याचा वास त्याला घरच्यांच्या आधी लागायचा.

"तुमची अडचण कानावर आलीय ताई. टेन्शन घ्यायचंच नाही. आमच्या पॅकेजमध्ये सगळं बसतं. थकबाकी आम्ही भरणार, संस्थेत आपली ओळख आहे. तुमचे क्रमांक उद्या सकाळी चालू."

"आणि बदल्यात?"

"बदल्यात काही नाही. शीर्षक फक्त आमच्या नावावर. सर सन्माननीय संस्थापक, तहहयात. तुम्हाला महिन्याला मानधन. आणि पुढच्या अंकापासून लेखकांना अगदी नाममात्र शुल्क."

"आणि लेख तपासणार कोण?"

"तपासणी पॅकेजमध्येच आहे. आठवड्यात तपासून मिळतो. पास होऊनच."

दुसरा कुठला दिवस असता तर खिळेताईने त्याला टेबलासकट रस्त्यावर काढला असता. आज तिने त्याला बसू दिलं. त्याने करारनामा काढला, पेनही काढलं.

"ठेवून जा," ती म्हणाली. "संध्याकाळी ये."

तो शीळ घालत गेला. कागद टेबलावर पडून राहिला, आणि खिळेताई दुसऱ्या कामात डोकं घालायला बघत राहिली. एका पावतीपुस्तकाचा समास तिने तीनदा चुकवला.

दुपारी गोगलगायबाई आली ती पर्स उघडतच.

"किती आहे बिल? मी भरते. नंतर सवडीने द्या."

"लेखकाकडून घ्यायचं नाही."

"ताई!"

"नियम आहे."

"तो नियम घेऊन मी काय करू, उशाशी ठेवू?" "दर उन्हाळ्यात मला कामावरून काढतात आणि वर्ग सुरू झाले की परत घेतात. फळ्यासारखं पुसतात आणि परत लिहितात. या वर्षी पहिल्यांदा कायमची जागा निघालीय. मला तुमचं तत्त्व नकोय, मला तो नंबर उघडायला हवाय. क्रमांक फुकट देणारी ऑनलाइन भांडारं आहेत की, तिथे टाकू लेख?"

"टाक. मिळेल क्रमांक. पण तो दुसरा. तुझ्या अर्जात, लेखाच्या माथ्यावर, सगळीकडे हा छापलाय. एका लेखाचे दोन क्रमांक, त्यातला एक मेलेला. संशय दुप्पट."

"छापलात कशाला मग?"

खिळेताईने पावतीपुस्तकाची पानं सारखी केली.

"जागा रिकामी ठेवायची होती. रिकामी जागा मी समितीला समजावून सांगितली असती. खोटा नंबर कसा समजावू? तो माझ्या नावाखाली आहे, ताई. तुमच्या नाही."

हे बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच खिळेताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडायला समोर स्वतःखेरीज कोणी नव्हतं. तिने करारनाम्याकडे बोट केलं. "ही सही केली तर उद्या चालू होतील. पण मग नियतकालिक त्या पॅकेजवाल्याचं. पुढच्या अंकापासून पैसे टाका, लेख घ्या. तू सांग. करू?"

गोगलगायबाईने कागद वाचला. खाली ठेवला. "मला नोकरी हवीय," ती हळू म्हणाली. "मी तुम्हाला 'नका करू' असं नाही म्हणणार. आणि 'करा' असंही माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. तुमचं तुम्ही ठरवा." पर्स बंद करून ती निघून गेली.

उन्हं उतरायला लागली तसा रस्त्यावरून बुटांचा धाड धाड आवाज आला. पाणीखात्यातल्या कामगारांच्या संघटनेचा सेक्रेटरी. स्वतः टाकी धुणारा. पोटऱ्यांवर खाजवून खाजवून काळे डाग पडलेले.

"ताई, तोंडावर पाडलंत आम्हाला!"

"आता तुझं काय?"

"मांडीपर्यंतचे रबरी बूट मागायला गेलो होतो साहेबाकडे. तुमच्या त्या गोगलगायवाल्या मॅडमचा लेख नेला. साहेबाने क्रमांक टाकला, आणि पडदा आमच्याकडे फिरवला. 'हा बघा तुमचा शास्त्रीय पुरावा. असा लेखच नाही.' त्याचा शिपाईसुद्धा हसला हो! नंबर खोटा छापता?"

खिळेताईने तोंड उघडलं ते भांडायला. बाहेर भलतंच पडलं.

"खोटा नाहीये. नोंदवला नाही. बिल भरलं नाही, कारण पैसे नव्हते."

दोघंही थबकले. सेक्रेटरी खुर्ची ओढून बसला.

"एवढंच?"

"एवढंच."

"अहो मग बोंब मारायची ना! आमचा पगार थकला तर आम्ही काय अब्रू जाईल म्हणून गप्प बसतो?"

"आमची सवय वेगळी."

"सवय गेली चुलीत. किती आहे? संघटना भरेल."

"नको. तुमच्या पैशाने हा क्रमांक उघडला तर उद्या तोच साहेब म्हणेल, लेख विकत घेतला. बूट तर नाहीच मिळणार, तिची नोकरीही जाईल."

सेक्रेटरीने डोकं खाजवलं. "म्हणजे पैसे नाहीत म्हणून अडलं, आणि पैसे आहेत तरी अडलं."

खिळेताई संगणकाकडे वळली. नियतकालिकाचं पहिलं पान उघडलं, जिथे इतकी वर्षं नुसती अनुक्रमणिका असायची, आणि लिहायला लागली. शब्द जड जात होते. प्रत्येक ओळ खोडून परत लिहिली. शेवटी पानावर आलं ते असं:

"या अंकातले क्रमांक उघडत नाहीत. ते नोंदवण्याआधी छापले. ही चूक आमची आहे, एकाही लेखकाची नाही. नोंदणीचे पैसे कोण भरत होतं हे आम्ही कधी छापलं नाही, ते आता छापतो. एका निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनमधून आणि त्याच्या सुनेच्या किराण्यातून. तिथून आता भरले जाणार नाहीत. इथे काही वाचून तुमचं काम झालं असेल तर मदत करा. देणाऱ्याचं नाव याच पानावर लागेल. पैसे सगळ्या अंकासाठी असतील, एका लेखासाठी नाही. कुठला लेख घ्यायचा यात देणाऱ्याला काडीचंही मत नसेल."

सेक्रेटरी मागून वाचत होता. "शेवटचं माझ्यासाठी लिहिलंत?"

"तुझ्यासाठीच."

"याच अंकात तो क्लोरीनवालाही लेख आहे ना? टाकीत औषध टाकताना आमची माणसं मापाऐवजी अंदाजाने ओततात म्हणणारा? फोनवर काय काय बोललो होतो मी तुम्हाला."

"आठवतंय. आईवरून तेवढं राहिलं होतं."

"म्हणजे आमच्याच वाभाड्यांचं बिल आम्ही भरायचं."

"हो."

तो काही वेळ पोटरी खाजवत बसला. मग म्हणाला, "लिहा आमचं नाव. शिव्या देतच देतो."

तिने पान चढवलं, वाचकांच्या यादीला पाठवलं आणि खुर्चीतून उठली. आता परत घेता येणार नव्हतं. समितीही वाचेल, साहेबही वाचेल.

संघटनेचा खजिनदार त्या वेळी टाकीच्या माथ्यावर होता. सेक्रेटरीने खालून हाका मारून त्याला उतरवला, ओल्या हाताने चेकवर सही करवून घेतली आणि चेक फडकावत परत आला. पण दूरच्या देशातली संस्था चेक घेत नाही. तिला परदेशात चालणारं बँकेचं कार्ड लागतं, आणि तसं कार्ड एकच होतं. सरांचं. सुनेच्या कपाटात.

दोघं निघाले, तर दारात पॅकेजवाला.

"झाली का सही?"

खिळेताईने करारनामा त्याच्या हातात दिला. सून दार उघडेल याची खात्री नव्हती, क्रमांक परवापर्यंत उघडेल याची तर मुळीच नव्हती. हातात होता तो न वटलेला चेक.

"नाही केली," ती म्हणाली. "आणि परत माझ्या टेबलावर बसू नकोस. खुर्च्या आहेत."

"मुलीची नोकरी घालवाल तुम्ही ताई. हट्टापायी."

हे वाक्य तिच्या बरोबर सरांच्या घरापर्यंत चालत आलं.

सून दारातच उभी होती, हातात फोन. पान तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"किराणा लिहायची काय गरज होती?"

"खोटं आहे?"

"खरं आहे म्हणूनच विचारतेय! उद्या गल्लीत लोक विचारतील, एवढे हाल होते का घरात." "आणि नाव नाही घातलंत. नुसती सून. म्हणजे लाज माझी आणि नाव कोणाचंच नाही."

"तुम्हाला न विचारता नाव कसं घालू? तेच विचारायला आले. आणि हा चेक द्यायला. तुम्ही कार्डावरून भरा, चेक तुमच्या खात्यात टाका. तुमच्या घरातून आता काही जाणार नाही."

सुनेने चेक उलटसुलट करून बघितला. ओल्या बोटाचा डागही बघितला. "वटेल ना हा?"

सेक्रेटरी दुखावला. "वहिनी, आमचा चेक परत आला तर टाकीत उडी मारीन."

"नका मारू. ते पाणी आम्ही पितो."

कोणी हसलं नाही, पण ती दारातून बाजूला झाली.

कार्ड निघालं. आकडे भरले. आणि मग पडद्याने सांगितलं की खात्री करणारा कोड फोनवर पाठवलाय. सरांच्या फोनवर. तो आजारपणापासून खणात बंद पडलेला. चार्जरला लावला तर बराच वेळ नुसती काळी काच. जागा झाला तोवर कोड शिळा. नवा मागवला, आणि तो दाखवायला बँकेच्या ॲपने अंगठा मागितला. उजवा.

सुनेने सरांचा निर्जीव उजवा हात उचलला, तसा त्यांनी डाव्या हाताने तो मागे ओढला. "नाही!"

"बाबा, अंगठा लावायचाय."

"नाही. नाही." डोळे खिळेताईवर. हे खरोखर नकाराचंच 'नाही' होतं, ते तिघांनाही कळलं. पैसे कोणाचे, हे विचारत होते ते.

खिळेताई खाटेशी बसली आणि तिने पहिलं पान वाचून दाखवलं. सगळं. आमची चूक, तेही. पेन्शनपर्यंत सर स्वस्थ होते. किराण्याचं वाक्य आलं तसे त्यांनी डोळे सुनेकडे वळवले आणि तिथेच ठेवले. सून खिडकीबाहेर बघायला लागली. चार्जर भिंतीत गुणगुणत होता.

सरांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि तिच्यापुढे धरला.

अंगठा पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. कातडी कोरडी पडली होती. सुनेने पदराचं टोक पाण्यात बुडवलं, त्यांचा अंगठा लहान पोराचा पुसावा तसा पुसला, आणि दाबला. ॲप उघडलं. कोड कोड म्हणत सेक्रेटरीच आकडे मोठ्याने वाचत सुटला. पैसे गेले.

पण गोठलेलं खातं उघडणारा माणूस दूरच्या देशात होता, आणि त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी सुट्टी निघाली. तो दिवस खिळेताईने कसा काढला हे चाव्यावाल्याला विचारावं. त्याच्याशी ती दोनदा विनाकारण भांडली. पहिल्या पानावर नावं मात्र यायला लागली. एक गुरांचा डॉक्टर. शाळेची एक प्रयोगशाळा. विहिरी खणणारा एक माणूस, ज्याने कधी काळी काहीतरी वाचलं होतं आणि कधी कळवलं नव्हतं. बरी वाटली नावं. पण क्रमांक टाकला की पडदा तेच म्हणत होता, असा क्रमांक अस्तित्वात नाही.

छाननीच्या सकाळी सून स्वतःहून दुकानात आली. सरांपाशी शेजारीण बसवली होती. सेक्रेटरी आधीच खुर्चीत, ड्यूटी बुडवून. गोगलगायबाईचा फोन आला, आवाज दबका.

"मी बाहेर बसलेय ताई. माझ्या आधी दोघं आहेत. झालं का?"

"खातं उघडलंय. आत्ताच. फाइल पाठवतेय."

"किती वेळ?"

"माझ्या हातात असतं तर झालं असतं."

फाइल गेली. पडद्यावर आलं, रांगेत आहे. खिळेताईने क्रमांक टाकला. नाही. परत टाकला. नाही. सून मागे उभी राहून नखं खात होती.

"बोलावलं," फोनमधून आवाज आला. "पहिलं पान छापून आणलंय मी. आधीच त्यांच्यासमोर ठेवते. लपवून नाही बसत." फोन बंद.

मग नुसती वाट. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, शेजारी चाव्यावाल्याची कानस किरकिरत होती. खिळेताई क्रमांक टाकत राहिली. आकडे टाइप करून करून तिची बोटं न बघता चालायला लागली. अस्तित्वात नाही. अस्तित्वात नाही. आणि मग पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि समोर गोगलगायीचं चित्र, खाली लेखाचं नाव, खाली तिचं.

"उघडला!" सेक्रेटरी उभा राहिला तशी खुर्ची पडली.

"तिकडे उघडला का ते सांग," खिळेताई म्हणाली.

फोन वाजला तेव्हा तो तिघांनीही एकदम धरला. सुनेने आवाज मोठा केला.

"ताई, अध्यक्षांनी क्रमांक टाकला, नाही उघडला. ते म्हणाले, मग बाजूला ठेवा. मी कागद पुढे केला. सगळ्यांनी वाचला. मग कडेच्या बाई म्हणाल्या, चूक एवढी उघड कबूल करतायत तर परत एकदा टाकून बघू. टाकला आणि..." ती रडत होती की हसत होती, कळेना. "धरला लेख. मुलाखतीला बोलावलंय. नोकरीचं तिथे ठरेल. पण शेरा नाही मारला. आणि ताई, त्या बाईंनी विचारलं, ही सून कोण?"

सुनेने फोन तोंडाजवळ घेतला.

"त्यांना सांगा, नियतकालिकाची खजिनदार," ती म्हणाली. फोन ठेवला आणि खिळेताईकडे वळली. "नाव पूर्ण घाला. आणि पुढचं बिल कधीचं आहे ते आजच सांगून ठेवा. या वेळी आधी नोंद, मग छपाई. अंक लेट झाला तर होऊ दे."

खिळेताईचं तोंड उघडलं. अंक कधीच लेट झाला नाही, असं ते म्हणणार होतं.

"बरं," ती म्हणाली.